होस्टनेम, सर्व्हरनेम, कॉम्प्युटर नेम : नाव नेमके कशाचे?

खिळेजुळारी

नारायण पेठेत आमचा लहानसा छापखाना आणि त्याला जोडून प्रकाशनाचा विभाग आहे. कार्यालयात १४ संगणक आणि सर्वांच्या सामाईक फायलींसाठी एक सर्व्हर आहे. माझे शिक्षण मुद्रणाचे. संगणकांची देखभाल माझ्याकडे आली ती केवळ आवडीमुळे. त्यामुळे जे येते ते करून करून शिकलेले आहे, आणि त्यात कुठे भोके आहेत हे गेल्या महिन्यात उघडे पडले.

जुना सर्व्हर अचानक बंद पडला. नवीन यंत्र आणून बॅकअपमधून सर्व फायली त्यावर घेतल्या, परंतु ते बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने यंत्राला त्याच्या मॉडेलवरून नवे नाव दिले आणि सकाळी कामावर आलेल्या एकाही माणसाला झेड ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरचे सामाईक फोल्डर, उघडता येईना. दुपारी लक्षात आले, की सगळे शॉर्टकट जुन्या नावाने केलेले आहेत. म्हणून नव्या यंत्राला जुनेच नाव दिले. त्यानंतर ११ संगणकांवर फोल्डर उघडू लागले. उरलेल्या तीन संगणकांवर मात्र ते आजही उघडत नाही. त्या तिघांवर सध्या पेन ड्राइव्हने काम चालले आहे, आणि एका पुस्तकाची जुनी प्रत छपाईला जाता जाता राहिली ती त्याच गोंधळात.

याच यंत्रावर आमची ऑर्डर नोंदवही ब्राउझरमध्ये चालते. बाहेरून पूर्ण पत्ता टाकून ती नीट उघडते. कार्यालयातून नुसते यंत्राचे नाव टाकले, की सर्टिफिकेटवरील (संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या दाखल्यावरील) नाव जुळत नाही असा लाल इशारा येतो.

आता मूळ प्रश्न. विंडोजमध्ये ‘कॉम्प्युटर नेम’ आहे, राउटरच्या पानावर ‘होस्टनेम’ आहे, वेब सर्व्हरच्या फाइलमध्ये ‘सर्व्हरनेम’ आहे, आणि ईमेलचा प्रोग्रॅम पुन्हा ‘सर्व्हरचे नाव’ विचारतो. ही सगळी एकाच गोष्टीची नावे आहेत की वेगवेगळ्या? जाणकारांनी कृपया मुळापासून समजावून सांगावे. केवळ तीन संगणक सुरू करून घेणे एवढाच हेतू नाही.

मुळाकाठ

खिळेजुळारी, आपण प्रश्न योग्य ठिकाणी धरला आहे. मी गेली वीसएक वर्षे कार्यालयांची नेटवर्क बांधतो. ‘सर्व्हर चालत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींत सर्व्हर ठणठणीत असून नावाचाच घोळ निघाल्याचे मी असंख्य वेळा पाहिले आहे.

होस्ट म्हणजे नेटवर्कवर ज्याला स्वतःचा पत्ता आहे असे कोणतेही यंत्र. आपला प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, प्रत्येकाच्या खिशातला फोन हे सगळे होस्टच आहेत. सर्व्हर ही मात्र भूमिका आहे: जे यंत्र, किंवा अधिक काटेकोरपणे सांगायचे तर यंत्रावरचा जो प्रोग्रॅम, दुसऱ्याने मागितलेले काही पुरवतो तो सर्व्हर. आपल्या एका यंत्रावर फायली पुरवणारा एक आणि नोंदवही पुरवणारा दुसरा असे दोन सर्व्हर आज नांदत आहेत. विंडोजचे ‘कॉम्प्युटर नेम’ आणि राउटरचे ‘होस्टनेम’ हे यंत्राचे नाव. वेब सर्व्हरचे ‘सर्व्हरनेम’ आणि ईमेलने विचारलेले नाव हे सेवेचे नाव. या दोहोंच्या खाली असतो आकड्यांचा आयपी पत्ता. माहितीची ने-आण त्याच पत्त्यावर होते. नावे आपल्या सोयीसाठी आहेत.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण आपल्या तीन संगणकांचे उत्तर तिथेच आहे. यंत्राने स्वतःला दिलेले नाव म्हणजे घराच्या दारावर लावलेली पाटी. ती आपण हवी तेव्हा बदलू शकतो, पण पाटी बदलल्याने टपाल खात्याच्या वहीतली नोंद बदलत नाही. त्या नावाचा पत्ता कोणता, हे विचारणाऱ्या संगणकाला स्वतःहून शोधावे लागते. तो आधी स्वतःजवळची होस्ट्स नावाची फाइल पाहतो, मग डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारतो, आणि तिथेही उत्तर मिळाले नाही तर स्थानिक नेटवर्कवर ‘या नावाचे कोणी आहे का’ अशी हाक देतो. आपल्या ११ संगणकांना बहुधा या शेवटच्या हाकेला ओ मिळाली. तीन संगणकांवर होस्ट्स फाइलमध्ये पूर्वी कोणीतरी जुने नाव आणि जुना पत्ता अशी ओळ लिहून ठेवलेली असावी, असा माझा तर्क आहे. नव्या यंत्राला राउटरने दुसरा पत्ता दिलेला असणार, आणि हे तिघे पुढे कोणाला न विचारता रिकाम्या घराचे दार वाजवत बसले असणार.

खात्री करणे सोपे आहे. त्या संगणकावर पिंग आज्ञेपुढे सर्व्हरचे नाव लिहा आणि कंसात कोणता पत्ता दिसतो ते पाहा. मग एनएसलुकअप आज्ञेने तेच नाव विचारा. पिंग होस्ट्स फाइल वाचते, एनएसलुकअप ती न वाचता थेट डीएनएसला विचारते. म्हणून दोघींची उत्तरे वेगळी आली, किंवा पिंगला पत्ता मिळाला आणि एनएसलुकअपला मिळाला नाही, तर ते उत्तर डीएनएसमधून आलेले नाही एवढे पक्के होते. ही फाइल विंडोज फोल्डरात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी या फोल्डरात असते, आणि बदलण्यासाठी नोटपॅड ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडावे लागते.

या फाइलकडे मी नेहमी आदराने पाहतो, कारण ती डीएनएसपेक्षा जुनी आहे. इंटरनेटच्या आधी जे अर्पानेट होते, त्यावरील सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचे माहिती केंद्र ती सांभाळी. नवे यंत्र जोडणाऱ्याने तिथे कळवायचे, आणि बाकीच्यांनी ती फाइल वेळोवेळी उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तसा हा एकहाती कारभार अशक्य झाला. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची कल्पना आरएफसी (इंटरनेटच्या पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) ८८२ आणि ८८३ मध्ये मांडली, आणि १९८७ मधील आरएफसी १०३४ व १०३५ हे आजही तिचा पाया आहेत. कल्पना अशी, की संपूर्ण यादी कोणीच ठेवायची नाही. प्रत्येकाने आपल्या अखत्यारीतील नावांची नोंद ठेवायची आणि त्याखालच्यासाठी पुढच्या माणसाकडे बोट दाखवायचे. पूर्ण नाव (यंत्राच्या नावापुढे टिंब देऊन संस्थेचे डोमेन जोडलेले) म्हणूनच उजवीकडून डावीकडे उलगडते. जुनी फाइल प्रत्येक संगणकात तशीच राहिली, आणि अजूनही तिचा मान पहिला आहे.

पेठकर ३०

आमच्या हिशेब तपासणीच्या कार्यालयात आम्ही नावांच्या फंदात पडतच नाही. प्रत्येक शॉर्टकटमध्ये थेट आयपी पत्ता लिहिलेला आहे आणि सहा वर्षे काही अडले नाही. लहान कार्यालयाला एवढे पुरेसे नाही का?

मुळाकाठ

राउटर तोच आहे तोवर अडत नाही. इंटरनेट पुरवणारा बदलला आणि त्याने स्वतःचा राउटर आणला, की बरेचदा १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते १९२.१६८.० किंवा आणखी कशाने तरी सुरू होतात, आणि मग प्रत्येक संगणकावर बसून प्रत्येक शॉर्टकट हाताने बदलावा लागतो. शिवाय आपल्या खाजगी पत्त्यासाठी बाहेरची कोणतीही मान्यताप्राप्त संस्था सर्टिफिकेट देत नाही. सर्व्हरचा पत्ता स्थिर हवा हे मान्यच आहे. त्यासाठी राउटरमध्ये त्या यंत्राच्या मॅक पत्त्यावर (त्याच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर) आयपी राखून ठेवावा. पण माणसांनी वापरायचे ते नाव.

दार ४४३

वेबच्या बाजूचे मी लिहिते, कारण ‘सर्व्हरनेम’ या शब्दाने सर्वाधिक फसगत तिथे होते.

ब्राउझरमध्ये आपण एखादे नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा उपयोग तीन वेगवेगळ्या वेळी होतो. पहिल्यांदा त्यावरून आयपी पत्ता शोधला जातो. दुसऱ्यांदा, सुरक्षित जोडणी उभी राहत असतानाच ब्राउझर सर्व्हरला सांगतो की मला अमुक नावाशी बोलायचे आहे; या सोयीला ‘सर्व्हर नेम इंडिकेशन’ म्हणतात आणि ती २००३ मध्ये आरएफसी ३५४६ मधून आली. तिसऱ्यांदा, जोडणी झाल्यावर प्रत्येक मागणीबरोबर ‘होस्ट’ या शीर्षाखाली तेच नाव पुन्हा पाठवले जाते. एचटीटीपी १.१ मध्ये हे शीर्ष सक्तीचे झाले, आणि त्यामुळेच एका पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे सुखाने राहू शकतात. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत तसे हे आहे: वाड्याचा घरक्रमांक एकच, पण आलेल्याने कोणाकडे आलो हे सांगितल्यावाचून त्याला योग्य दारी नेता येत नाही.

अपाचे आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचे प्रोग्रॅम; त्यांतील अनुक्रमे ‘सर्व्हरनेम’ आणि ‘सर्व्हर_नेम’ हे त्या बिऱ्हाडाचे नाव आहे. यंत्राच्या होस्टनेमशी ते जुळलेच पाहिजे असे मुळीच नाही. तिथे नाव लिहिल्याने डीएनएसमध्ये काही नोंद होते, हाही एक पक्का गैरसमज आहे. मी स्वतः सुरुवातीला त्यापायी एक पूर्ण रविवार घालवला होता. आलेले नाव कोणत्याच बिऱ्हाडाशी जुळले नाही, तर एनजिनएक्स त्या दारासाठी (पोर्टसाठी) ठरवून दिलेला, आणि तसा न ठरवल्यास फाइलमधला पहिला विभाग पुढे करतो. म्हणूनच कधी कधी नाव एक टाकावे आणि संकेतस्थळ भलतेच उघडावे असे होते.

आता आपला लाल इशारा. ब्राउझर सर्टिफिकेटमध्ये लिहिलेली नावे वाचतो आणि आपण पत्त्याच्या पट्टीत टाकलेले नाव त्यात शब्दशः आहे का हे पाहतो. यंत्र तेच आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आपले सर्टिफिकेट पूर्ण नावासाठी आहे, म्हणून बाहेरून सर्व नीट चालते. कार्यालयातून टाकलेले आखूड नाव त्यात नाही, म्हणून इशारा येतो, आणि तो योग्यच आहे. आखूड नाव त्यात घालून मिळणारही नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणारे यांनी मिळून असे ठरवले, की केवळ अंतर्गत वापराच्या नावाचे सर्टिफिकेट १ नोव्हेंबर २०१५ च्या पुढे मुदत असलेले देऊ नये आणि उरलीसुरली १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करावीत. कारण सरळ आहे: ‘सर्व्हर’ किंवा ‘मेल’ नावाची यंत्रे जगात लाखो असतील, मग ते नाव कोणाचे म्हणून प्रमाणित करायचे?

तेव्हा कार्यालयातही पूर्ण नावच वापरावे, आणि कार्यालयातील डीएनएसने त्या नावाला आतला पत्ता द्यावा, बाहेरच्या डीएनएसने बाहेरचा. माणसांना एकच नाव लक्षात ठेवावे लागेल आणि सर्टिफिकेटही जुळेल. मात्र एक सावधगिरी घ्यावी. ब्राउझरला सुरक्षित डीएनएससाठी बाहेरची सेवा लावून दिलेली असेल, तर तो कार्यालयाच्या डीएनएसला विचारतच नाही. ते एकदा तपासावे.

गडवाट

चर्चा उत्तम चालली आहे. नाव द्यायचे कसे, हाही भाग यात यावा असे वाटते. आमच्या कार्यालयात सर्व यंत्रांना किल्ल्यांची नावे आहेत: राजगड, तोरणा, पुरंदर, लोहगड. नावे जवळची असल्याने कोणी विसरत नाही.

जुनी टेकडी

मी एका संशोधन संस्थेत यंत्रे सांभाळण्याचे काम करून निवृत्त झाले. गडवाट, किल्ल्यांची नावे मला आवडतात, पण त्यात एक अडचण आम्हाला फार छळत असे. रोमन लिपीत ‘लोहगड’ लिहिताना कोणी ‘ह’नंतर ‘अ’चे अक्षर घालतो, कोणी वगळतो, ‘सिंहगड’ची तर चार स्पेलिंगे मी पाहिली आहेत. होस्टनेममध्ये एक अक्षर चुकले की यंत्र नाहीच. म्हणून ज्यांचे रोमन स्पेलिंग एकाच प्रकारे होते अशीच नावे घ्यावीत, आणि ती फोनवर सांगताना ऐकणाऱ्याला चुकू नयेत अशी असावीत.

दुसरा अनुभव पेठांचा. आमच्याकडे एकाने हौसेने यंत्रांना सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार अशी पेठांची नावे दिली. पुण्याच्या माणसाला ती गोडच वाटली. पण बॅकअपच्या टेपाही वारांनी ओळखल्या जात, आणि ‘बुधवारचा बॅकअप लावा’ या वाक्याचा अर्थ बुधवारी घेतलेला की बुधवार नावाच्या यंत्राचा, हे एका अडचणीच्या रात्री कोणालाच सांगता येईना. चुकीची टेप लागली आणि दोन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले. नित्याच्या बोलण्यातला शब्द यंत्राला देऊ नये, हा सल्ला डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये आरएफसी ११७८ मध्ये देऊन ठेवला होता; आम्ही तो नंतर वाचला.

आणि तिसरे, यंत्राचा गुण त्याच्या नावात घालू नये. आपल्या लकडी पुलात आज लाकूड नाही, सरकारी कागदावर त्याचे नाव संभाजी पूल आहे, तरी सगळे त्याला लकडी पूलच म्हणतात. शनिवारवाड्याजवळचा शिवाजी पूल १९२३ सालचा, आणि आजही त्याचे नाव ‘नवा पूल’! गावाला त्याने अडत नाही, कारण पूल हलत नाहीत. यंत्रे दर पाच-सात वर्षांनी बदलतात. ‘न्यू-सर्व्हर’ हे नाव दिलेले यंत्र जुने होते, त्याच्या शेजारी ‘न्यू-सर्व्हर-२’ येते, आणि कोणते बंद करायचे हे नव्याने आलेल्या माणसाला समजत नाही. खिळेजुळारी यांच्या तंत्रज्ञाने मॉडेलचे नाव दिले, तेही याच जातीचे.

माझ्या मते लिब्स यांचा मार्ग अजूनही चांगला आहे: एक विषय घ्यावा आणि त्यातली नावे वापरावीत. आपल्या पुण्यातच पाहा. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या महासंगणकांची नावे आदित्य, प्रत्यूष आणि अर्क अशी सूर्याच्या कुटुंबातली आहेत, आणि सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची यंत्रे १९९१ च्या परम ८००० पासून ‘परम’ हे कुळनाम लावतात. यंत्र बदलले की त्याच घराण्यातले पुढचे नाव येते. जुने नाव नव्या यंत्राला चिकटवले जात नाही, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची नोंद वाचतानाही कोणते यंत्र ते समजते.

मुळाकाठ

जुनी टेकडी यांच्या प्रत्येक वाक्याशी सहमत आहे. नियमांची थोडी भर घालतो. होस्टनेममध्ये रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते, आणि जोडरेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. पहिले अक्षर अंक असण्याची मुभा १९८९ मधील आरएफसी ११२३ ने दिली. अधोरेखा (_) चालत नाही. विंडोज ती इशारा देऊन कधी स्वीकारते, पण नंतर दुसरेच काही तरी अडते. दोन टिंबांमधील भाग ६३ अक्षरांपर्यंत असू शकतो. विंडोजच्या जुन्या नेटबायोस पद्धतीत मात्र नाव १५ अक्षरांतच बसले पाहिजे, कारण सोळावी जागा सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखीव आहे. ‘प्रकाशन-विभाग-एक’ आणि ‘प्रकाशन-विभाग-दोन’ अशी लांब नावे रोमनमध्ये दिली, तर पहिली १५ अक्षरे सारखीच येतील आणि दोन्ही यंत्रे एकमेकांच्या नावावर हक्क सांगतील. मोठ्या-लहान अक्षरांत फरक होत नाही.

अनुस्वार

रोमन स्पेलिंगचा विषय निघाला म्हणून विचारावेसे वाटते की नावे थेट देवनागरीत का देऊ नयेत. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि मराठीही त्यात आहे. मी थोडा अभ्यास केला आहे, तो मांडतो.

डीएनएसपर्यंत देवनागरी तशीच पोहोचत नाही. ब्राउझर तिचे प्युनीकोड पद्धतीने रोमन अक्षरांत रूपांतर करतो, आणि अशा प्रत्येक भागाची सुरुवात एक्स, एन व दोन जोडरेघांनी होते. ६३ अक्षरांची मर्यादा या रूपांतरित नावाला लागते. मराठीला एक खास अडचण आहे: ‘दऱ्या’मधला अर्धा ‘र’ काही कीबोर्ड नुक्त्याच्या ‘ऱ’पासून घडवतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांपासून. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे, आणि अशा डोमेन नावांचे २००३ चे जुने नियम ते अदृश्य चिन्ह गाळूनच टाकत. तेव्हा संकेतस्थळाला देवनागरी नाव जरूर घ्यावे, मला त्याचा अभिमान वाटतो. परंतु ते निवडताना असे जोडाक्षर टाळावे. यंत्राचे होस्टनेम मात्र रोमनमध्येच ठेवणे सध्या सुरक्षित आहे.

खिळेजुळारी

सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. मुळाकाठ यांचा तर्क तंतोतंत खरा निघाला. तिन्ही संगणकांच्या होस्ट्स फाइलमध्ये जुन्या सर्व्हरची ओळ होती, आणि शेजारी २०१६ ची तारीख टिपलेली होती. त्या वर्षी आम्ही नवीन राउटर बसवला होता. हे तीन संगणक तेव्हा वरच्या मजल्यावर असत, हे आमच्या जुन्या जुळाऱ्यांनी आठवून सांगितले. ओळी काढल्या आणि झेड ड्राइव्ह लगेच उघडला.

आता असे ठरवले आहे. यंत्राचे नाव तोरणा, कारण त्याचे स्पेलिंग चुकत नाही. फायलींसाठी ‘फाइल्स’ आणि नोंदवहीसाठी ‘ऑर्डर’ ही सेवेची नावे आमच्या स्वतःच्या डोमेनखाली घेऊन कार्यालयाच्या डीएनएसमध्ये ती दोन्ही तोरण्याकडे वळवायची, म्हणजे पुढचे यंत्र पुरंदर आले तरी शॉर्टकट बदलावे लागणार नाहीत. दोन शंका उरल्या आहेत. आतल्या नावांना ‘.लोकल’ हे शेपूट लावावे असे तंत्रज्ञ म्हणतो, ते योग्य आहे का? आणि फायलींच्या टोपणनावाने काही अडेल का?

मुळाकाठ

‘.लोकल’ टाळावे. ते शेपूट २०१३ मधील आरएफसी ६७६२ ने, डीएनएसला न विचारता नेटवर्कवर हाक मारून यंत्र शोधण्याच्या पद्धतीसाठी राखून ठेवले आहे. त्याखाली आपले डीएनएस चालवले तर काही संगणक आपल्याला विचारतील आणि काही नुसतीच हाक मारत राहतील. स्वतःचे डोमेन आहे, तर त्याखालचेच नाव सर्वांत चांगले. ज्यांच्याकडे डोमेन नाही त्यांच्यासाठी ‘.इंटर्नल’ हे शेपूट खाजगी वापरासाठी म्हणून आयकॅनने (इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने) २०२४ मध्ये कायमचे राखून ठेवले आहे.

फायलींच्या बाबतीत शंका रास्त आहे. वेब सर्व्हरला टोपणनाव त्याच्या फाइलमध्ये सांगता येते, तसेच विंडोज सर्व्हरलाही ते सांगावे लागते. केवळ डीएनएसमध्ये नोंद केली, तर कधी ओळख पटवण्याच्या टप्प्यावर तो अडून बसतो, कारण त्या नावाने कोणी हाक मारेल हे त्याला ठाऊक नसते. नेटडॉम आज्ञेतील ‘कॉम्प्युटरनेम’ने पर्यायी नाव जोडावे, यंत्र एकदा पुन्हा सुरू करावे, आणि मगच शॉर्टकट बदलावेत. आधी त्या तीनपैकी एका संगणकावर करून पाहावे. डीएनएसच्या नोंदीची मुदत पहिला आठवडाभर पाच मिनिटे ठेवावी, म्हणजे काही चुकले तर जुने उत्तर कोणाच्या स्मृतीत फार वेळ राहणार नाही. सगळे स्थिरावले की ती एक तासावर न्यावी.